बंधारा देणगीचा, गाळ गावाचा

बंधारा बांधायला देणगीदार मिळतो. त्यातला गाळ उपसायला मिळत नाही. हवामान बदलाशी सामना करणाऱ्या गावांसाठी येणाऱ्या धर्मादाय पैशाची ही खरी अडचण आहे. सिमेंट नाला बांध, वृक्षलागवड, सौरपंप यांची छायाचित्रे अहवालात छापता येतात. पाणी समितीच्या बैठका, विहिरींच्या पातळीच्या नोंदी आणि फुटलेल्या बांधाची डागडुजी यांचे छायाचित्र कोण काढणार? काम टिकते ते मात्र त्यांच्याच जोरावर.

गावाच्या पुढाकारातून काम टिकवणे महाराष्ट्राला नवे नाही. नव्वदच्या दशकात जर्मनीच्या अनुदानातून आणि नाबार्डच्या सहभागाने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबवला गेला. त्यात गावाने आधी पाणलोटाच्या लहानशा भागात काम करून दाखवायचे, मगच मोठा निधी, अशी रीत होती. श्रमदान आणि चराईबंदीही गावाने स्वीकारायची होती. हिवरे बाजार या गावाने पुढचे पाऊल टाकले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभा पिके ठरवते आणि पाणी पिणाऱ्या उसाला नकार देते. या निर्णयाला देणगी लागली नाही. पण तो घेण्याइतके गाव एकत्र यायला वर्षे लागली.

आजच्या नियमांत नेमकी हीच वर्षे बसत नाहीत. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. त्यातला बहुवर्षीय प्रकल्प मात्र सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांत आटोपावा लागतो. कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. मग कारखानेच नसलेल्या दुष्काळी तालुक्यांनी कोणाकडे पाहायचे? परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीने, मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेच्या आधाराने तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थांची ती वाट बंद झाली.

पैसा गावाच्या हाती गेला तर हिशेब कोण देणार, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर ग्रामसभेपुढे दरवर्षी होणारे जमाखर्चाचे वाचन आणि सामाजिक अंकेक्षण हे आहे. मुंबईत बसून मागवलेल्या छायाचित्रांपेक्षा शेजाऱ्याची नजर अधिक कडक असते. स्थानिक पातळीवरील हवामान अनुकूलनासाठी २०२१मध्ये जागतिक स्तरावर मांडलेल्या आठ तत्त्वांतही निर्णयाचा अधिकार शक्य तितका खाली नेणे आणि दीर्घकाळ, खात्रीने पैसा पुरवणे यांचा समावेश आहे.

म्हणून तीन बदल तातडीने हवेत. पाणलोट आणि जंगलाच्या कामांसाठी कंपन्यांच्या प्रकल्पांची मुदत किमान सात वर्षे करावी. प्रत्येक अनुदानातला ठरावीक हिस्सा ग्रामसभेच्या देखरेखीखालील देखभाल निधीत जमा व्हावा. आणि परदेशी देणगी छोट्या संस्थांपर्यंत कडक लेखापरीक्षणासह पोहोचू द्यावी. यातून सरकारची सुटका मात्र होऊ नये. रोजगार हमीची मजुरी वेळेवर देणे आणि भूजल उपशाला आळा घालणे ही सरकारचीच कामे आहेत. ती देणगीदारांच्या गळ्यात मारता येणार नाहीत. दात्यांनीही आपला अहवाल पुढे करताना एवढेच सांगावे: पाच वर्षांपूर्वी पैसे दिलेल्या किती गावांत ते काम आज चालू आहे?