स्वल्पविरामाची जागा

उल्हासनगरच्या एखाद्या कापडपेढीवर नातवाने पायथन भाषेत बिलाचा छोटा प्रोग्रॅम लिहावा, आणि बिलाच्या तळाशी १,२३४,५६७ असा आकडा छापून यावा, तर आजोबा क्षणभर थबकतीलच. पहिल्या स्वल्पविरामाआधी एकच आकडा पाहून सरावलेली नजर ‘एक लाख’ वाचू लागते. रक्कम मात्र बारा लाखांवर असते.

दोष बेरजेचा नाही. पायथनमधील तयार सोय पाश्चात्त्य रीतीने दर तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम टाकते. लाख-कोटींची रीत निराळी: उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन. ती नातवाला स्वतः लिहिता येते.

त्यासाठी रकमेची स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची एक ओळ, करून तिच्यात स्वल्पविराम घालायचा. जुन्या जैन हस्तलिखितांत एखादे अक्षर सुटले, तर लेखनिक त्या जागी काकपदाची खूण करून ते समासात लिहीत असे. पायथनमध्ये ही मुभा नाही. तयार स्ट्रिंगमध्ये काहीही घुसवता येत नाही. हव्या जागी तिचे दोन भाग घ्यायचे, मधे चिन्ह ठेवायचे आणि तिन्ही जोडून नवी स्ट्रिंग करायची. मूळ तशीच राहते. रोजमेळात खाडाखोड न करणाऱ्या मुनिमाला हे पटण्यास वेळ लागू नये.

पायथन जागा शून्यापासून मोजतो, पण ऋण अंक दिल्यास शेवटूनही मोजतो. रकमेसाठी शेवटूनच मोजावे. पैसे आधी वेगळे काढावेत. मग शेवटचे तीन आकडे, ५६७, बाजूला. उरलेल्या १२३४ चे उजवीकडून दोन-दोन तुकडे. सारे जोडले की १२,३४,५६७. माल परत आल्यावरच्या क्रेडिट नोटेत ऋणचिन्हही आधी काढून ठेवावे. नाहीतर ‘-१२,३४५’ ऐवजी ‘-,१२,३४५’ असे विचित्र काही छापले जाते.

हे सारे अगदी शेवटी, छापण्यापूर्वी करायचे. स्वल्पविराम पडला की पायथनच्या लेखी ती रक्कम उरत नाही, नुसता मजकूर उरतो. तिचे पुन्हा संख्येत रूपांतर करू गेल्यास तो चूक दाखवून थांबतो, ते एक बरे. पण अशा दोन रकमांमध्ये अधिक चिन्ह घातले, तर तक्रार न करता तो ५,००० आणि २,००० यांचे ५,०००२,००० करून देतो.

बेरीज आधी झाली आहे ना, एवढे आजोबांनी विचारून घ्यावे.