कोगनोळीचा नाका आणि मनाची भाषा

कोगनोळीचे नाव वृत्तपत्रांत झळकते ते बहुधा नाक्यामुळे. बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरले आणि महाराष्ट्रातील पुढारी तिकडे निघाले, की पोलिसांचे कडे पडते ते येथे. २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोना-तपासणीचा दाखला हाती नसलेल्या प्रवाशांची वाट अडली तीही येथेच. परंतु या गावच्या मुलामुलींच्या वाटेवर आणखी एक नाका आहे. तेथे आडवा बांबू नाही की शिपाई नाही. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात तो एका लहानशा रकान्यात दडलेला असतो. त्या रकान्याचे नाव 'माध्यम'.

अलीकडेच या गावची एक विद्यार्थिनी असा अर्ज घेऊन आमच्या कचेरीत आली. पी.यु.सी. उत्तीर्ण झालेली, घरची शेती, आजीने उमेदीची सारी वर्षे निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत घालविलेली. मुलीला मानसशास्त्र घेऊन बी.ए. व्हावयाचे आहे. एका महाविद्यालयात तिला उत्तर मिळाले, "मराठीतून मानसशास्त्र शिकून काय करणार?" तोच प्रश्न तिने आम्हांस दोन भागांत विचारला. "सर, हा विषय मराठीत शिकता येतो काय? आणि शिकले, तर मला कोण विचारणार?" या दोन प्रश्नांची उत्तरे केवळ तिलाच नव्हे, तर सीमाभागातील प्रत्येक पालकास देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिले उत्तर व्यवहाराचे. कोगनोळीच्या उत्तरेस १९६२ साली स्थापन झालेले कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे, दक्षिणेस २०१० साली निघालेले बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ. महाराष्ट्रातील विद्यापीठांत कलाशाखेची उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची वाट फार पूर्वीच मोकळी झालेली आहे. तथापि सीमा ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यास पात्रता-प्रमाणपत्र आणि स्थलांतराचा दाखला यांची जुळवाजुळव वेळेवर करावी लागते. कर्नाटकाने २०२४ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम पुन्हा तीन वर्षांवर आणला. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी किंवा चार वर्षांची सन्मान पदवी अशी रचना आहे. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: मानसशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळेल काय, वर्गात कोणत्या भाषेत शिकविले जाईल, आणि उत्तरे कोणत्या भाषेत लिहिता येतील. उत्तर तोंडी घेऊ नये, लेखी घ्यावे. १९५६ पासून तोंडी आश्वासनांवर जगलेल्या सीमावासीयांस याचे कारण सांगावयास नको.

केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा २०२२ पासून तेरा भाषांत होते. त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे, आणि परीक्षेच्या विषयांत मानसशास्त्रही आहे. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्यापीठांस कळविले, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यास स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्यावी. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु दारावर मराठीत स्वागत व्हावे आणि उंबरठा ओलांडताच व्याख्याने, पुस्तके, सारे इंग्रजीत असावे, यास आम्ही अर्धवट सुधारणा म्हणतो. शिवाय 'स्थानिक भाषा' म्हणजे कोणती, हा सीमाभागातील कळीचा प्रश्न त्या पत्राने सुटत नाही. कोगनोळीच्या घराघरांत बोलली जाणारी मराठी ही कोगनोळीची स्थानिक भाषा नव्हे, असे कोणता विद्यापीठ-अधिकारी म्हणू शकेल?

आता दुसरा प्रश्न: कोण विचारणार? त्याचे उत्तर याच भूमीच्या इतिहासात आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी मुलांची बुद्धी मापण्याची पद्धत काढली. ती हिंदुस्थानात आणताना नुसत्या भाषांतराने भागणार नव्हते. पॅरिसच्या मुलास सहज सुटणारा प्रश्न आमच्या मुलास अपरिचित वस्तूमुळे अडवू शकतो. मग दोष मुलाच्या बुद्धीचा, की प्रश्नाचा? हा प्रश्न व्ही. व्ही. कामत यांनी हाती घेतला आणि कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्या चाचणीची नवी आवृत्ती सिद्ध केली. त्यांचे हे काम १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 'बिने-कामत चाचणी' आजही या देशात वापरली जाते. बेळगाव-धारवाड हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. दोन भाषांच्या या पट्ट्याकडे पाठ न फिरविता, दोन्ही भाषांतून त्याकडे पाहिल्यानेच हे कार्य घडले. जो पट्टा आज आम्हांस अडचण म्हणून दाखविला जातो, तो एका शास्त्राचे भांडवल ठरला!

आणि हे शास्त्र भाषेवाचून चालतच नाही. वैद्यास नाडी पाहता येते, रक्त तपासता येते. मानसशास्त्रज्ञापुढे मुख्य साधन असते ते समोरच्याचे बोलणे. आमच्या गावची बाई 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, 'कशात जीव लागत नाही', 'पोराचा घोर लागलाय', 'मन खातंय', 'उरात धडधडतंय'. घोर आणि धास्ती यांतला फरक, मनाला लागणे आणि मनावर घेणे यांतले अंतर ज्यास कळत नाही, त्याच्या पदवीस चौकट कितीही सोनेरी असो, त्या बाईला तिचा उपयोग काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊनच घ्यावयाची, असे बंधन घातले. २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सरकारी दूरध्वनी-सेवा वीस भाषांत चालविण्याची योजना आहे. कायदा झाला, दूरध्वनी झाला. पलीकडून आमच्या भाषेत बोलणारी माणसे कोठून येणार? ती कोगनोळीतूनच यावी लागतील. ठाण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेने आणि पुण्याच्या मुक्तांगणाने मनाच्या दुखण्याविषयी मराठीत बोलता येते, उपचारही करता येतो, हे अनेक वर्षे दाखवून दिलेले आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. या शास्त्राचे ताजे संशोधन बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि बी.ए. होऊन कोणी रुग्णोपचार करणारा मानसशास्त्रज्ञ होत नाही, पुढील शिक्षण इंग्रजीतच घ्यावे लागते. हे सर्व खरे आहे. म्हणूनच आम्ही इंग्रजी टाळा असे सांगत नाही, आणि कन्नड टाळा असे तर मुळीच सांगत नाही. १९८६ मध्ये आमचा लढा सक्तीशी होता, भाषेशी नव्हता. शेजारच्या कन्नड शेतकऱ्याचे दुःखही ज्या मुलीस त्याच्या भाषेत ऐकता येईल, तिची योग्यता दुप्पट होईल. माँट्रियलमध्ये १९६२ साली पील आणि लँबर्ट यांना असे आढळले, की फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी दहा वर्षांची मुले बुद्धिचाचण्यांत एकभाषिक मुलांच्या पुढे होती. 'सारख्याच चांगल्या' हे शब्द लक्षात ठेवावेत. तीन भाषा अर्ध्याकच्च्या येणे म्हणजे बहुभाषिकता नव्हे. पायाची भाषा पक्की असेल तरच तिच्यावर दुसरी आणि तिसरी उभी राहते.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. सीमाभागालगतच्या दोन्ही विद्यापीठांनी मानसशास्त्राचे वर्ग असे चालवावेत, की जेथे पाठ्यपुस्तक मराठी आणि कन्नड दोन्हींत असेल, संज्ञा इंग्रजीतही शिकविल्या जातील, आणि उत्तर विद्यार्थी आपल्या भाषेत लिहील. महाराष्ट्र शासन सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांस व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सवलत देते, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण इंजिनियर आणि डॉक्टर यांच्यापुढे शासनाची दृष्टी जात नसेल, तर पालकांची तरी कशी जावी? कलाशाखा म्हणजे कमी गुणांची धर्मशाळा, ही समजूत आमच्या घरांतूनही गेली पाहिजे. हा दोष ना बंगळुरूचा, ना मुंबईचा; तो आमचा आहे.

त्या विद्यार्थिनीने अर्ज आमच्या मेजावरच भरला. 'माध्यम' या रकान्यात तिने 'मराठी' लिहिले, 'अवगत भाषा' या रकान्यात मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही नावे लिहिली, आणि पोच घेण्यासाठी ती निघाली. पोच मिळेल की नाही हे आम्ही पाहणार आहोत. न मिळाल्यास याच स्तंभात त्याची विचारपूस होईल. कोगनोळीच्या पालकांनो, तुमच्या घरात असा अर्ज पडून असेल, तर तो आजच भरा!