वॉर्ड आपला, उमेदवार कुणाचा?



निवडणूक आली की वस्तीत पाहुणे येतात. पांढरे कपडे, गळ्यात निळा गमछा, हात जोडलेले. 'जय भीम' म्हणतात आणि गल्ली कुठं वळते ते आपल्याच पोराला विचारतात. ज्याला संडासाची वाट विचारावी लागते, तो संडासासाठी सभागृहात काय भांडणार?

कायदा त्याला अडवत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यानं शहरातल्या कुठल्याही वॉर्डाच्या मतदारयादीत नाव असलं की झालं. दादरच्यानं गोवंडीत उभं राहावं, खुशाल. २२७ जागांत अनुसूचित जातींना १५, त्याही फिरणाऱ्या. वॉर्ड फिरतो, तिकीट फिरतं, आपण तिथंच. आणि राखीव म्हणजे आपला, असं समजू नका. १९३२ च्या पुणे करारानं जागा राखीव दिल्या, पण मतदारसंघ संयुक्त ठेवला. आपल्या जागेवर कोण बसणार हे दुसरेच ठरवू शकतात. बाबासाहेबांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. आपण जयंतीला ऐकतो, मतदानाला विसरतो.

नगरपालिका म्हणजे किरकोळ राजकारण, असं म्हणणाऱ्या आपल्या विद्वान साथींनी महाड आठवावं. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं ठराव फिरवला! हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं. तहान कुणाची, आणि हात वर कोण करतो, बघा.

आजचं पाणीही तसंच. डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. निकाल आला म्हणून नळ चालत आला नाही. अर्ज कुठल्या टेबलावर कुजतो, लाईन कुठून ओढावी लागते, टँकरवाला कुणाचा माणूस, पाइपाला मोटर कोण लावतं, हे पहाटे हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला ठाऊक. गोदीत बोटीच्या पोटात उतरलेल्यालाच कळतं गोणी कुठून फाटते; वर डेकवर उभा असलेला नुसत्या मोजतो. निम्म्या जागा बायकांना आहेत ना? मग नवऱ्याच्या खुर्चीसाठी सही करणारी नको. हंडा घेऊन भांडलेली बाई उभी करा.

पण नुसतं 'स्थानिक, स्थानिक' म्हणून नाचू नका. गुत्तेवालाही स्थानिकच. बिल्डरला आपल्या सह्या गोळा करून देणारा दलालही इथंच जन्मला. जन्माचा दाखला आम्हाला नको. काल परमुलखातून येऊन आपल्याबरोबर गटार उपसणारा भाऊ आमच्या लेखी स्थानिकच आहे. बघायचं एवढंच : वॉर्ड ऑफिसात तू कुणासाठी खेटे घातलेस? बुलडोझर आला तेव्हा कुठं होतास? हरलास तर उद्या सकाळी कुठल्या रांगेत दिसशील?

'कुणीही चालेल' असं म्हणू नका. ७ मार्च २०२२ ला मुंबई पालिकेची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार चालला. दार ठोठवायलाही माणूस नसला की काय होतं, ते तेव्हा कळलंय.

आणि आपल्या पुढाऱ्यांनाही तोंडावर सांगा, वाटाघाटीच्या टेबलावर आमचा वॉर्ड मांडू नका. आधी वस्तीची बैठक, मग नाव. वरून आलेलं नाव खाली उतरणार नाही, वरच परत जाईल.

तळं आपलंच आहे. त्यावर पहारेकरी कोण बसवायचा, हे आता दुसऱ्याला ठरवू देऊ नका.

जय भीम!