तात्यांची फाइल

परवा तात्या गेले. वय ८७. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. त्यात तात्यांचा फोटो पासपोर्टएवढा आणि श्रद्धांजली वाहणारे चौदा जण केवढे मोठे! असो.

तात्या मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. पलटण पहिली, जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला होते. शरण या म्हणून धाडलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलने कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिलं, तीच ही लढाई. मी मुलाखतीला गेलो तेव्हा मला त्यावर हेडिंग हवं होतं. तात्या सांगत बसले की त्याच दिवसांत थोरलीला गोवर आलेला आणि घरचं पत्र हातात पडेपर्यंत ती शाळेच्या अंगणात खेळायला लागली होती. खरं सांगतो, तेव्हा मी कंटाळलो होतो.

मनीऑर्डरीवर दोन बहिणींची लग्नं केली. पेन्शनवर आल्यावर कारखान्यात वॉचमनकी करून तिन्ही पोरी शिकवल्या. काकूंचे गुडघे गेले तेव्हापासून भाकरी हे थापायचे. पलटणीत शिकलो म्हणायचे, पण भाकरी चांगली व्हायची.

शेवटची तीन वर्षं मात्र एकाच कामात गेली. पेन्शनच्या कागदावर, म्हणजे पीपीओवर, काकूंचं माहेरचं नाव. आधारवर लग्नात बदललेलं. जन्मतारखेचा रकाना कोरा. आपल्याकडं किती घरांत असं असेल! जवान गेला की बायकोला फॅमिली पेन्शन मिळते, साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. तिला ८० पूर्ण झाली की त्यात २० टक्के वाढ होते, ८५ ला ३०. पण तारीखच नसेल तर ८० मोजणार कुठून? तात्या एसटीने जिल्ह्याला जायचे, कधी सही राहायची, कधी साहेब मीटिंगला. नाव दुरुस्त झालं. तारीख राहिली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. २६ जानेवारीला माजी सैनिकांना शाल-नारळ देता ना? त्याच मांडवात एक टेबल टाका. कॉम्प्युटर येणारं एक पोरगं बसवा. प्रत्येक जवानाचा पीपीओ बघा, बायकोचं नाव जुळतं का, तारीख आहे का, जॉइंट खातं आहे का. फ्लेक्सपेक्षा खर्च कमी येईल. आम्ही पत्रकारसुद्धा यातून सुटत नाही. मी तात्यांवर दोनदा छापलं, दोन्ही वेळा जमालपूर. या फाइलवर एक ओळ नाही.

काल घरी गेलो. काकूंनी ट्रंकेतून फाइल काढून दिली. वर तात्यांच्या अक्षरात काकूंचं नाव, दोन्ही नावं. विचारलं, काकू, जन्म कधीचा? म्हणाल्या, "गांधीबाबा गेले तेव्हा मी आईच्या कडेवर होते म्हणं."

सोमवारी थोरली आणि मी ती फाइल घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातोय. कुणाच्या घरी असाच कागद अडकला असेल तर कमेंटमध्ये नको, मला मेसेज करा.