मालिश रविवारी, सोमवारचं काय?

धामणगाव रेल्वेहून बडनेऱ्याला नाहीतर वर्ध्याला रोज अप-डाऊन करणाऱ्यांची मान सगळ्यात आधी बोलायला लागते. मग महिन्यातून एकदा मसाज! दोन दिवस एकदम हलकं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण साधं आहे, मसाजने स्नायू सैल पडतात, बसायची सवय तशीच राहते.

आपल्या वऱ्हाडाला हे कुणी शिकवायला नको. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ मध्ये तिथली मंडळी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. आखाड्यात मालिश आणि मेहनत जोडीनं चालते. आपण फक्त मालिश उचलली!

तर घरचा फंडा असा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे टाका, छाती मोकळी होते. खांदा न उचलता कान खांद्याकडे झुकवा. खुर्चीच्या कडेला बसून एक पाय सरळ करा, कमरेतून पुढे वाका. प्रत्येक ताण २० ते ३० सेकंद, दोन-तीनदा. झटके नकोत, श्वास रोखू नका. ताण जाणवावा, दुखू नये. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर सरळ डॉक्टर गाठा.

मसाजची अपॉइंटमेंट महिन्याची, मान मात्र रोजची आहे, बॉस!