गुणपत्रिका आणि निशाण्याचा कागद

पालक आणि पाल्य यांचे संबंध कसे असावेत, या विषयावर आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ होतात. ‘मुलांशी संवाद साधा’ हा उपदेश प्रत्येक पालक मेळाव्यात ऐकायला मिळतो. पण हा संवाद कशाविषयी साधायचा, हे कोणी सांगत नाही. ज्या घरातले आईवडील स्वतः महाविद्यालयात शिकले आहेत, तेथे हा प्रश्न कदाचित पडत नसेल. माझ्यासारख्या, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलींच्या घरी मात्र तो रोज पडतो. ‘पास झालीस का?’ आणि ‘पैसे किती लागतील?’ या दोन प्रश्नांपलीकडे आमचे शिक्षण आणि आमचे आईबाप यांची गाठ पडत नाही. यात दोष ना त्यांचा, ना आमचा. दोघांनाही वाचता येईल असा कागदच मध्ये नसतो. नेमबाजीच्या खेळात तो कागद असतो. म्हणून हा खेळ पालकांनी आणि मुलांनी एकत्र खेळावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

नेम धरणे आपल्याला नवीन नाही. जत्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीपुढे बाप पोराच्या खांद्याला दस्ता लावून देतो आणि आपण मागे वाकून त्याच्या नजरेने बघतो, हे दृश्य कोणी पाहिले नसेल? जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायला आमच्या आधीच्या पिढीला कोणी शाळेत शिकवले नव्हते. ते बापाकडूनच मुलाकडे आले. फरक एवढाच, की ते काम होते आणि हा खेळ आहे. त्याला मोजमाप आहे.

हे मोजमाप किती बारीक असते ते पाहण्यासारखे आहे. हवेच्या रायफलीच्या स्पर्धेत निशाणा 10 मीटरवर असतो. दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणजे पेन्सिलीने टेकवलेल्या ठिपक्याएवढे. आणि त्यावर मारायची शिशाची गोळी साडेचार मिलिमीटरची. असे साठ नेम साधायचे. येथे शक्तीचा उपयोग फार थोडा. श्वास, पायांची ठेवण, चाप ओढणारे बोट आणि मनाची स्थिरता यांवर सारे अवलंबून. आणि परिणाम समोर कागदावर उमटतो. तो वाचायला इंग्रजी लागत नाही, पदवी लागत नाही.

गेल्या वर्षी राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात आम्हां मुलींना .22 रायफलीने पाच गोळ्या मारायला मिळाल्या. तपासून झाल्यावर माझा कागद मी मागून घेतला आणि घरी नेला. माझ्या पाचही गोळ्या एका तळहातात मावतील अशा बसल्या होत्या, पण काळ्या वर्तुळाच्या बऱ्याच खाली. आमचे आप्पा दुसरी शिकलेले. माझी गुणपत्रिका ते उलटसुलट करून परत देतात. हा कागद मात्र त्यांनी चुलीच्या उजेडात धरला, भोकांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “पाची एका जागी हाईत. तुझा हात हालल्याला न्हाई. बंदूकच खाली मारतीया.” शिबिरात उस्तादांनी मला अगदी हेच सांगितले होते. गोळ्या विखुरल्या तर नेमबाजाकडे पाहावे. एकत्र बसून बाजूला गेल्या तर रायफलीची माशी तपासावी. त्या रात्री आप्पांनी गोफणीतला दगड केव्हा सोडायचा, हे मला पहिल्यांदा सांगितले. एकोणीस वर्षांत माझ्या कामाविषयी त्यांनी मला दिलेला हा पहिला अभिप्राय होता, आणि तो बरोबर होता.

मोठ्या नेमबाजांच्या घरांतही आईबापांचा असाच हात दिसतो. जयपूरच्या अवनी लेखरा हिला 2012 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, मोटार अपघातामुळे कमरेखाली पक्षाघात झाला. 2015 मध्ये वडिलांनी तिला नेमबाजीच्या मैदानावर नेले. 2021 मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले आणि 2024 मध्ये पॅरिसला पुन्हा मिळवले. खचलेल्या मुलीला उपदेशाचे चार शब्द ऐकवण्यापेक्षा तिच्या हातात एक काम देणे किती मोलाचे असते, हे त्या वडिलांनी दाखवून दिले.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे उदाहरण तर घरचेच आहे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षे लागली. स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी त्याचे मन विचलित होऊ नये म्हणून घरच्यांनी त्याला फोनही केला नाही. मला कर्जापेक्षा हा न केलेला फोन मोठा वाटतो.

कारण याच ठिकाणी हा खेळ पालकांना काही शिकवतो. क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या मैदानाबाहेरून बाप ओरडू शकतो. नेमबाजीच्या सरावात मुलीच्या कानांत बोळे असतात आणि बाप तिच्या मागे बसलेला असतो. त्याने कितीही सांगितले तरी तिला ऐकू जाणार नाही. ती एकटी आहे, पण मागे कोणीतरी आहे, एवढेच तिला ठाऊक असते. आपल्याकडे प्रेम म्हणजे सूचना देणे, असा एक समज आहे. गप्प बसून सोबत करणे हेही प्रेमच आहे, हे येथे दोघांनाही कळते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की मुलांच्या हाती बंदूक देणे म्हणजे हिंसेला आमंत्रण. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु मैदानावरचा पहिला धडा नेमाचा नसतो, शिस्तीचा असतो. नळी सदैव निशाण्याकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि सर्वांच्या रायफली रिकाम्या झाल्याशिवाय कोणीही रेषेपुढे जायचे नाही. हा नियम बापालाही आहे आणि मुलीलाही. घरातले बहुतेक नियम लहानांपुरतेच असतात. येथे दोघे एकाच नियमाखाली उभे असतात.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक बोचतो. अभिनव बिंद्राने 2008 मध्ये बीजिंगला देशाला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी घरच्या आवारातच सरावाची जागा बांधली होती. हे किती बापांना परवडेल? स्पर्धेची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. पण मी येथे पदकांविषयी बोलत नाही. दहा मीटरची जागा, मागे गोळी अडवणारी भक्कम भिंत, दोन-तीन हवेच्या बंदुका आणि एक जाणकार शिक्षक एवढ्यावर वर्षातून एक दिवस साजरा करता येईल. एका घराला जे जमणार नाही, ते एका महाविद्यालयाला जमू शकेल.

म्हणून माझी प्राचार्यांना आणि क्रीडा विभागाला नम्र सूचना आहे. आपला पालक मेळावा सभागृहात भरतो. तेथे हजेरी, शिस्त आणि निकाल यांवर भाषणे होतात. माझ्यासारख्यांचे आईबाप शेवटच्या ओळीत टोपी किंवा पदर सावरत बसतात आणि एक शब्दही न बोलता एसटी गाठतात. पुढच्या वर्षी या मेळाव्याचा अर्धा दिवस मैदानावर घ्यावा. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्येक पालकाला पाच आणि त्याच्या मुलाला किंवा मुलीला पाच गोळ्या माराव्या लागाव्यात, आणि दोघांचे कागद शेजारी शेजारी लावावेत. बापाचा कागद मुलीच्या कागदापेक्षा सरस निघाला, तर तिला त्याचा अभिमान वाटेल. मुलीचा सरस निघाला, तर तो का सरस आहे हे त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

शिक्षणाने आम्हांला आमच्या आईबापांपासून थोडे दूर नेले आहे, हे आम्ही सारे जाणतो आणि बोलत नाही. हे अंतर भाषणांनी कमी होईल असे मला वाटत नाही. दोघांनी शेजारी उभे राहून एकाच ठिपक्याकडे पाहिले, तर कदाचित होईल.