पावतीवर नाव कुणाचे?

रमजानचा दुसरा अशरा लागला की अंबाजोगाईतल्या मशिदींबाहेर पावतीपुस्तके दिसू लागतात. असरच्या नमाजनंतर कुणी मशिदीच्या वजूखान्यासाठी चंदा मागतो, कुणी मदरशातल्या मुलांच्या जेवणासाठी, तर दूर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला एखादा सफीर आपल्या मदरशाचे ओळखपत्र पुढे करतो. देणारा सहसा फार विचारत नाही. इफ्तारची वेळ जवळ आलेली असते, हातात खजुराची पिशवी असते. तो नोट देतो, पावती खिशात घालतो आणि विसरून जातो. त्या पावतीच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कधी 'रजि. नं.' छापलेला असतो, कधी नसतो. गेल्या वर्षभरात या बारीक अक्षराचे महत्त्व पूर्वी कधी नव्हते इतके वाढले आहे.

बिगरमुस्लिम वाचकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. गणेशोत्सव आणि नवरात्राच्या आधी मंडळाचे कार्यकर्ते धर्मादाय कार्यालयात परवानगीसाठी अर्ज करतात, तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली. धार्मिक वा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करायचा तर कळवले पाहिजे आणि हिशेब दिला पाहिजे, एवढेच त्या कलमाचे म्हणणे. कायदा सर्वांना एकच. तो पाळण्यातली ढिलाईही सर्वांची सारखीच.

मुळात नोंदणी हवी कशाला? 'मशीद अल्लाहचे घर, त्याची कसली नोंदणी?' असे विचारणारे बुजुर्ग आजही आहेत, आणि त्यांचा प्रश्न वेडगळ नाही. भारतीय कायद्यात हिंदू देवतेची प्रतिष्ठापित मूर्ती ही 'व्यक्ती' मानली जाते. तिच्या नावे सातबारा असू शकतो, ती दावाही लावू शकते. गुरू ग्रंथसाहिबालाही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तसा दर्जा दिला. मशिदीचे मात्र तसे नाही. लाहोरच्या शहीदगंज मशिदीच्या खटल्यात १९४० साली प्रिव्ही कौन्सिलने मशिदीची इमारत म्हणजे कायद्याची व्यक्ती, हा दावा मान्य केला नाही. वक्फच्या मालमत्तेची मालकी अल्लाहची, हे शरियतचे तत्त्व आहे. पण वीजमंडळाला मीटर कुणाच्या तरी नावे लागतो, बँकेला खातेदार लागतो आणि मोजणी कार्यालयाला नोटीस बजावायला एक हयात माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मुतवल्ली, नाहीतर नोंदणीकृत संस्थेचे विश्वस्त.

यातले काहीच केलेले नसेल, तर पुढे काय होते ते ठरलेले आहे. मोहल्ल्यातल्या चार भल्या माणसांनी वर्गणी काढून प्लॉट घेतला, खरेदीखत त्यातल्या एका विश्वासू बुजुर्गाच्या नावे केले. नीयत साफ होती. वीस वर्षांनी बुजुर्गांचा इंतकाल झाला, वारसांची नावे फेरफाराने लागली आणि सहा मुलांपैकी एकाला पैशाची नड निघाली. आता मशीद उभी आहे, पाच वेळची नमाज होते आहे आणि कागदावर ती एका कुटुंबाची वारसाहक्काची मिळकत आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी वकिलाला विचारा, असे एखादे प्रकरण त्याच्या कपाटात सापडेल. तेच एखाद्या तालमीचे, समाजमंदिराचे आणि वाचनालयाचे.

अंबाजोगाईचा गुंता याहून जुना आहे. निजामाच्या काळात हे गाव मोमिनाबाद होते, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. गावातल्या आणि आसपासच्या दर्ग्यांना, मशिदींना आणि देवळांनाही जमिनी दिलेल्या होत्या. सेवेच्या बदल्यात दिलेली ती 'खिदमतमाश', व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली ती 'मदतमाश'. दिवाबत्ती, झाडलोट, अजान, पूजा, उरूस, यात्रा अशा कामासाठी खिदमतमाश. जमीन कसायची, उत्पन्न खायचे आणि सेवा करायची, विकायची नाही. अतियात खात्याचा 'मुंतखब' हा त्याचा दाखला. १९५२ चा अतियात चौकशी कायदा आणि १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा आला, तेव्हा धार्मिक सेवेच्या इनामांना वेगळे ठेवण्यात आले. म्हणजे कायद्याने ही जमीन राखली. तिच्यावर लक्ष ठेवणारी जिवंत संस्था मात्र बहुतेक ठिकाणी उभी राहिली नाही. सेवेकऱ्याची तिसरी पिढी स्वतःला मालक समजू लागली, खासरा पाहणीतला 'इनाम' हा शेरा पुढच्या सातबाऱ्यात कुठेतरी गळाला, आणि शहर वाढले तशी त्या शेतांवर प्लॉटिंग झाले. बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत अशा जमिनींच्या हस्तांतरणाबद्दल पोलिसांत गुन्हे दाखल झाले. आष्टी तालुक्यातल्या प्रकरणांत दर्ग्याच्या जमिनी होत्या तशा देवस्थानाच्याही होत्या. चोराने धर्म पाहिला नाही, एवढे खरे.

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली होती. ज्या दप्तरात कुणब्याच्या नोंदी निघाल्या, त्याच प्रकारच्या दप्तरांत या इनामांचेही कागद पडून आहेत. फारसी वळणाचे ते शिकस्ता अक्षर लावणारे लोक कमी होत चालले आहेत. शहरातल्या महाविद्यालयांतून उर्दू शिकणाऱ्या मुलांना हे कागद वाचायला शिकवले तर त्यांना काम मिळेल आणि गावालाही उपयोग होईल. पण अभ्यासक्रमात गजल असते, मुंतखब नसतो.

आता गेल्या वर्षाकडे येऊ. वक्फ दुरुस्ती कायदा ८ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. त्यावरची राजकीय गर्जना दोन्ही बाजूंनी पुष्कळ ऐकू आली. मशिदीच्या कमिटीला रोज भिडणारी कलमे मात्र भाषणांत फारशी आली नाहीत. पहिले असे, की यापुढे वक्फनामा केल्याशिवाय नवे वक्फ नोंदता येणार नाही. दुसरे, पिढ्यानपिढ्या वापरामुळे वक्फ ठरलेल्या जागांची संकल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकली; आधी नोंदवलेल्या जागा राहतील, पण वाद असेल किंवा ती सरकारी जागा असेल तर नाही. तिसरे, नोंदणी झालेल्या प्रत्येक वक्फचा तपशील 'उमीद' पोर्टलवर सहा महिन्यांत भरायचा. आणि चौथे, ज्याची नोंदणीच नाही त्या वक्फला ठरलेल्या मुदतीनंतर आपल्या हक्कासाठी न्यायालयात दावाही लावता येणार नाही. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या काही तरतुदी रोखल्या. त्यात सरकारी जागेचा निर्णय अधिकाऱ्याच्या हाती देणारी तरतूद होती आणि पाच वर्षे इस्लामचे पालन केल्याची अटही होती. नोंदणीच्या तरतुदींना मात्र हात लावला नाही. नोंदणीचे बंधन काल आलेले नाही, असा न्यायालयाचा रोख होता.

तो रोख कडू आहे, पण चुकीचा म्हणता येत नाही. मुसलमान वक्फ कायदा १९२३ चा. त्यात मुतवल्लीने मालमत्तेचा तपशील आणि हिशेब दाखल करायचा होता. नंतर १९५४ चा कायदा, मग १९९५ चा. मराठवाड्याला तर उशीर झाला म्हणण्याचीही सोय नाही. उर्वरित महाराष्ट्रातल्या मुस्लिम धर्मादाय संस्था धर्मादाय आयुक्तांकडे होत्या तेव्हा मराठवाड्यात १९५४ चा वक्फ कायदा लागू होता. बोर्डाचे मुख्यालय आजही छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीला आहे. अंबाजोगाईहून एका दिवसात जाऊन यावे इतक्या अंतरावर.

इथे एक गैरसमज गावोगाव आहे आणि तो महागात पडू शकतो. 'आमच्या मशिदीचे नाव गॅझेटमध्ये आहे' असे कमिटीचे लोक छातीठोकपणे सांगतात. राजपत्रातली यादी ही सर्वेक्षणाची यादी आहे. सर्वेक्षण झाले, नाव छापले, हा एक भाग. कलम ३६ खाली अर्ज करून बोर्डाच्या रजिस्टरमध्ये नोंद करून घेणे हा दुसरा. पहिल्याने दुसरे आपोआप होत नाही. पोर्टलवर माहिती भरायला बसलेल्या तरुणांना हे स्क्रीनसमोर कळले. चतुःसीमा हव्यात, नकाशा हवा, गट नंबर हवा, वक्फ कुणी केले ते हवे. तीनशे वर्षांपूर्वीच्या मशिदीचा वाकिफ कोण, हे कुणी सांगायचे?

६ डिसेंबर २०२५ ला खिडकी बंद झाली तेव्हा देशभरातल्या सुमारे ५ लाख १७ हजार मालमत्तांची नोंद सुरू झालेली होती आणि त्यातल्या २ लाख १७ हजारांच्या आसपास मंजूर झालेल्या होत्या. मुदतवाढीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबरला नाकारली होती. ज्याला अडचण आहे त्याने न्यायाधिकरणाकडे जावे, असे सांगितले होते. सरकारचे वागणे इथे समजण्यासारखे नाही. शंभर वर्षांची ढिलाई सहा महिन्यांत भरून काढा म्हणायचे, आणि पोर्टल अडखळल्याच्या तक्रारी देशभरातून येत असताना सामूहिक मुदतवाढ द्यायची नाही! पण समाजातल्या जाणत्यांनीही हे सहा महिने कसे घालवले, हे स्वतःला विचारायला हवे. निषेधाच्या काळ्या फिती बांधण्यात जेवढे हात होते, तेवढे सातबारे काढण्यात नव्हते.

वक्फच करायला हवे असे नाही, हेही लोकांना सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की मुसलमानाने केलेला प्रत्येक धर्मादाय न्यास म्हणजे वक्फ नव्हे. शाळा, दवाखाना, वसतिगृह, वाचनालय काढायचे तर धर्मादाय कार्यालयात विश्वस्त संस्था नोंदवता येते, किंवा सात माणसे जमवून १८६० च्या कायद्याखाली संस्था करता येते, जी पुढे सार्वजनिक न्यास म्हणूनही 'एफ' क्रमांकाने नोंदली जाते. फरक मोठा आहे. वक्फ कायमचे, दिलेली वस्तू परत घेता येत नाही, विकता येत नाही. न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने, सबळ कारण दाखवून विकता येते. (ती परवानगी देणारे कलमही ३६ च आहे. वकिलाच्या तोंडून 'छत्तीस' ऐकून दोन कमिट्यांनी भलत्याच कार्यालयात खेटे घातले तर नवल नको.)

याच गावात त्याची उदाहरणे आहेत. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये सुरू केलेले 'मानवलोक' संस्थापकांच्या मागेही दुष्काळी भागात काम करते आहे. योगेश्वरी देवस्थानाचा कारभार देवल कमिटीकडे आहे. कोकणातून, पुण्यातून कुलदेवतेला येणारा भक्त देणगी देतो तेव्हा ती पुजाऱ्याच्या खिशाला नव्हे, कमिटीच्या खात्याला जाते. माणूस जातो, संस्था उरते.

पण नोंदणी झाली की काम संपले, हा दुसरा गैरसमज. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकवर ज्यांची विश्वस्त म्हणून नावे आहेत, त्यातले निम्मे कब्रस्तानात आहेत अशा संस्था कमी नाहीत. विश्वस्त बदलला तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तो दिला नाही की कागदावर जुनेच कारभारी; नव्यांच्या सहीला बँक मान देत नाही. मग दोन गट होतात, दोन्ही गट आपापले चेंज रिपोर्ट टाकतात आणि मशिदीचा चंदा तारखांवर खर्च होतो. वार्षिक लेखापरीक्षणाचे तेच. आणि कमिट्यांत बायकांची नावे नसतात, याला कुठल्याही कायद्याचा आधार नाही. चंद्यात त्यांचा वाटा असतो, जकातीत त्यांच्या दागिन्यांचा हिशेब असतो. यादीत मात्र त्या नसतात.

रमजानशी याचा संबंध हिशेबाच्या वहीतून येतो. हनफी फिकहप्रमाणे जकात गरजू माणसाच्या मालकीत गेली पाहिजे. तिच्यातून मशिदीचा मिनार बांधता येत नाही, इमामसाहेबांचा पगारही देता येत नाही. त्यासाठी 'लिल्लाह', म्हणजे ऐच्छिक दान. फितरा तिसरा, तोही ईदच्या नमाजआधी पोहोचायला हवा. तीन प्रकारचा पैसा एकाच डब्यात पडला, तर देणाऱ्याची जकात अदा झाली की नाही हाच प्रश्न. लेखापरीक्षक ज्याला स्वतंत्र निधी म्हणतो आणि मुफ्ती ज्याला वेगळी मद म्हणतात, ती एकच गोष्ट आहे. तरावीहमध्ये या महिन्यात पूर्ण कुरआन ऐकला जातो. त्यातली सर्वात लांब आयत दुसऱ्या सूरेत आहे आणि ती देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याबद्दल आहे: लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. खैबरची जमीन हजरत उमर यांनी वक्फ केली तेव्हाही शर्ती ठरल्या होत्या: मूळ जमीन विकायची नाही, दान करायची नाही, वारसांना द्यायची नाही; उत्पन्न गरिबांना, नातलगांना, वाटसरूंना; आणि सांभाळणाऱ्याने रीतसर तेवढेच घ्यावे. मुतवल्लीच्या मानधनाचा नियम इतका जुना आहे.

सत्ताविसाव्या रात्री चंदा सर्वात जास्त जमतो. त्या रात्री पावती घेताना तीन गोष्टी विचारता येतात आणि त्यात कुणाचा अपमान नाही. क्रमांक कुठल्या कार्यालयाचा, शेवटचे लेखापरीक्षण कुठल्या वर्षाचे, आणि हा पैसा कुठल्या मदीत लिहिणार. ज्या कमिट्यांचे पोर्टलवरचे काम अर्धवट आहे त्यांच्यासाठी न्यायाधिकरणाचा रस्ता आहे, पण ते सबळ कारण असेल तरच आणि कमाल सहा महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. अर्जासोबत लागणारे सातबारे, फेरफार आणि खासऱ्याच्या नकला तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. ईदची सुट्टी वगळता ती कार्यालये उघडी आहेत.